आगभिंत आणि रेआलचा दाभण

रेआल गोत्रो तुमच्या घरी आला की आधी भिंतीकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. लग्नघर असो की मयताचं घर, लोकांची पाठ वळली रे वळली की याचा हात कोटाच्या आतल्या खिशात जातो. तिथे एक दाभण असतो, बटाट्याची पोती शिवायचा, त्याच्या आईचा. त्यावर कानशीनं पाडलेल्या दोन खाचा आहेत, एक चार सुतांवर, म्हणजे अर्ध्या इंचावर, आणि एक पाच सुतांवर. विजेच्या बटनाखाली, जिथे कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी, हा दाभण भिंतीत टोचतो, भिंतीच्या जिप्सम-बोर्डापलीकडे पोकळी लागली की नख लावतो, बाहेर काढून खाच बघतो आणि मान हलवतो. ती मान कशी हलली यावरून घरमालकाला झोप लागणार की नाही ते ठरतं.

आमच्या मेमरामकुकच्या खोऱ्यात गोत्रो पैशाला पासरी, म्हणून माणूस बापाच्या नावानं ओळखला जातो. हा रेआल झोएलचा. पण झोएलला जाऊन वीस वर्षं झाली आणि आता पोरंसोरंसुद्धा याला ‘दाभणवाला’च म्हणतात. त्याच्या बायकोनं, ओदेतनं, एकदा भर पंगतीत विचारलं होतं, “लग्नाआधी मलाही टोचून बघितलं होतंस का रे?”

“बघितलं होतं,” रेआल म्हणाला, “चार सूतच निघालीस. पण तोवर पाद्रीबाबा येऊन उभा राहिला होता.”

ओदेतनं त्याच्या ताटातला डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. हिशेब मिटला.

चाळीस वर्षं त्यानं भिंतींना जिप्समचे बोर्ड ठोकले. मॉंक्टन शहराच्या आजूबाजूला जेवढी जोडघरं उभी राहिली, म्हणजे एका छपराखाली शेजारी शेजारी दोन बिऱ्हाडं, त्यातल्या निम्म्यांच्या मधल्या भिंती याच्या हातच्या. मधली भिंत म्हणजे आगभिंत. तिथे पाच सुती बोर्डच लागतो, आत काचेचे धागे घातलेला. दोन्ही बाजूंनी ठोकायचा, प्रत्येक सांध्यावर कागदी पट्टी आणि फटी बुजवायची लांबी, जिथून तार किंवा नळ जाईल तिथे लाल आगरोधक मलम. आणि भिंत पायापासून निघाली की थेट छपराच्या फळ्यांना जाऊन भिडली पाहिजे. छताशी थांबून चालत नाही. माळ्यावर बोटभर फट राहिली तरी खालचं सगळं केलेलं पाण्यात. अशी भिंत एक तास आग थोपवते. माणसाला जाग यायला, पोरं गोळा करायला, सपाता शोधायला तेवढा वेळ पुरतो.

आता हा माणूस इतका संशयी का, असं विचाराल तर लोक सांगतील, स्वभावच तसा. काही नाही. दुधानं तोंड पोळलंय त्याचं.

चोविशीत असताना त्यानं आपलं पहिलं जोडघर केलं होतं. सोबतीला लेओपॉल फिदेलचा. छतापर्यंत भिंत झाली आणि माळ्यावरच्या भागासाठी बोर्ड उतरवायला हे दोघं गाडीकडे निघाले, तेव्हा मुकादमानं त्यांना थांबवलं. म्हणाला, “राहू द्या रे. वर कोण बघतंय?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हत्यारं गोळा केली. चार हिवाळ्यांनंतर जानेवारीत डाव्या बिऱ्हाडाच्या धुराड्यातून आग माळ्यावर गेली आणि वरूनच उजवीकडे उतरली. उजवीकडे म्हातारी ओझित एकटी राहायची. ती वाचली, पण सपातांपर्यंत पोचायला तिला वेळ मिळाला नाही. बंब येईस्तोवर ती अनवाणी बर्फात उभी होती, आणि बंब लांबून यायचा होता. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

पुढची पंचवीस वर्षं दर रविवारी ती देवळात लंगडत यायची आणि रेआलच्या पुढच्या बाकावर बसायची. येताना हसायची. कुणाला काही माहीत नव्हतं. मुकादम मेला. लेओपॉल बोलला नाही. रेआलनं ओदेतलासुद्धा सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं याच्या मनात कायम लख्ख उजेड होता. मी गप्प बसलो तर बाकीचेही बसत असतील, ही त्याची सगळी विचारसरणी, आणि आगीच्याच वर्षी त्यानं आईच्या शिवणाच्या डब्यातून दाभण उचलला.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे भिंत बंद करण्याआधी आतल्या उभ्या लाकडावर सुतारी पेन्सिलीनं आपलं नाव आणि तारीख लिहायची रीत आहे. कुणी वाचावं म्हणून नव्हे, ती भिंत बहुधा कुणी उघडतही नाही. पण लिहायचं. ओझितच्या भिंतीत त्या दोघांनी नाव लिहिलं नव्हतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी दोघांच्याही पेन्सिली त्या दिवशी कानावरच राहिल्या.

लेओपॉलबरोबर त्यानं पंचवीस वर्षं काम केलं. मग एके दिवशी ठेकेदारासमोर, चार गड्यांसमोर, रेआलनं लेओपॉलनं नुकत्याच ठोकलेल्या भिंतीत दाभण घातला. खाच बरोबर पाचवर आली. चूक काहीच निघाली नाही. पण लेओपॉलनं आपला मापाचा फीत-डबा उचलला, गाडीत बसला आणि गेला. त्याला बारा वर्षं झाली. लेओपॉलच्या बायकोच्या मयताला रेआल गेला होता, पण लेओपॉलनं हात पुढे केला नाही. अर्थात तिथेही रेआलचा हात खिशातच होता.

तर या नोव्हेंबरात काय झालं, रेआलची मुलगी जानिक, नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन पोरांची आई, हिनं दिएप गावात नव्या जोडघरातली डावी बाजू घेतली. रेआलला आनंद झाला. मग त्यानं विचारलं, “भिंत कुणी केली?”

“लेओपॉल काकांनी,” जानिक म्हणाली.

“बरं. आणि उजवी बाजू कुणी घेतली?”

“तीही लेओपॉल काकांनीच. मोठं घर विकलं त्यांनी. एकट्याला काय करायचंय?”

रेआलच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, शेपूट आपटायला लागली. बारा वर्षं तोंड न बघणारा माणूस नेमका माझ्याच पोरीच्या भिंतीला भिंत लावून राहायला येतो? आणि ती भिंतही स्वतःच बांधतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

“पापा,” जानिकनं त्याचा चेहरा वाचला होता, “तुझा दाभण माझ्या घरात आणायचा नाही.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“गुरुवारी नगरपालिकेची तपासणी आहे. शनिवारी मला आत्ताच्या खोल्या सोडायच्या आहेत, पुढचा भाडेकरू बोचकी बांधून बसलाय. गुरुवारी पास झालं नाही तर पोरांना घेऊन मी कुठे जाऊ? तू एक टोचा जरी मारलास ना, तर या घराचा उंबरा तुझ्यासाठी बंद. मी गंमत करत नाहीये.”

“तुझ्या म्हाताऱ्या बापावर तुझा एवढाही विश्वास नाही?”

“तुझीच मुलगी आहे मी,” जानिक म्हणाली.

रेआलनं शब्द दिला. आणि खरं सांगायचं तर पाळलाही असता. पण सोमवारी संध्याकाळी दिएपच्या रस्त्यानं घरी येताना त्याला उजव्या बाजूच्या माळ्यावरच्या झरोक्यात उजेड दिसला. मंगळवारी मुद्दाम वळसा घेऊन गेला. पुन्हा उजेड. सावली मागेपुढे हलत होती. घरात अजून सामान नाही, खाली दिवा नाही, आणि हा माणूस रोज माळ्यावर काय करतो?

घरी येऊन त्यानं ओदेतला सांगितलं. ती बटाटे किसत होती.

“काम करत असेल,” ती म्हणाली.

“काम संपलंय. बोर्डवाल्याचं काम दोन आठवड्यांपूर्वी संपलं.”

“मग देवाचं नाव घेत असेल. बायको गेलीय त्याची. तुला काय पडलंय? नसती उठाठेव.”

पण रेआलचं डोकं चालायला लागलं होतं. तपासनीस आर्सेनोबाईंना गुडघेदुखी. त्या एकाच माळ्यावर चढतात, आणि बहुतेक डाव्या बाजूच्या, कारण तिकडे शिडी लावायला जागा आहे. म्हणजे डाव्या बाजूनं भिंत ठाकठीक दिसली की झालं. उजवीकडून बोर्ड लावलाय की नाही कोण बघणार? लावला असेल आणि आता काढून नेत असेल तर? लेओपॉल असं करणारा माणूस नव्हता, हे रेआलला पक्कं ठाऊक होतं. पण आपणही तसे नव्हतो की, असं तो मनाशी म्हणाला, आणि तरी आपण केलंच ना.

बुधवारी तो साडेतीनलाच निघाला, अंधार पडायच्या आत. लेओपॉल सहानंतर येतो, तोवर आपण बघून बाहेर. आवारात गाडी नव्हती. डाव्या बाजूची किल्ली रंगाच्या उपड्या बादलीखाली, सगळे ठेवतात तिथेच. त्यानं शिडी लावली, माळ्याचं झाकण बाजूला केलं आणि डोक्याला दिवा बांधून वर चढला. वर राखाडी कापसासारखं ऊबदार भरण पसरलं होतं. तुळयांवर गुडघे टेकत टेकत, एकसष्टीचा माणूस, मधल्या भिंतीपर्यंत रांगत गेला.

भिंत छपराला भिडलेली होती. त्यानं कडेनं बोटं फिरवली. लाल मलम अखंड. प्रत्येक सांध्यावर पट्टी, स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावर लांबी, आणि माळ्यावर कुणी देत नाही तो लांबीचा दुसरा हात. दुसरं कुणी असतं तर तिथेच हात जोडून खाली उतरलं असतं. रेआल म्हणाला, “एवढं चांगलं? का बरं?”

माळ्यावर कोण दुसरा हात देतो? ज्याला काही झाकायचंय तो. या बाजूला एवढी रंगरंगोटी म्हणजे त्या बाजूला नक्कीच काळंबेरं. त्यानं दाभण टोचला. पाच सूत. ठीक. ही झाली दाखवायची बाजू. मग त्यानं पट्ट्यातून टोकदार हातकरवत काढली आणि तळहाताएवढा चौकोन कापला. कापलेला तुकडा मोडून बघितला, काचेचे धागे चकाकले. आत दिवा मारला तर पलीकडच्या बोर्डाची पाठ दिसली. म्हणजे बोर्ड होता. पण जाड की पातळ? त्यानं हात घालून दाभण टोचला आणि आरपार केला. पाच सूत. पण हल्ली बिनधाग्यांचेही पाच सुती बोर्ड मिळतात, स्वस्त. तेव्हा तुकडा हातात आल्याशिवाय काय खात्री? त्यानं करवत आत घातली आणि पलीकडचा बोर्डही कापायला घेतला.

तीन बाजू कापून झाल्या आणि चौथी सुरू झाली तशी कुणीतरी पलीकडून करवतीचं टोक धरलं.

“रेआल,” भिंतीपलीकडून आवाज आला, “दारावर घंटा आहे रे माझ्या.”

रेआलनं करवत हिसकून घेतली. चौकोन पलीकडे गळून पडला आणि भोकात लेओपॉलचा चेहरा दिसला, भुवयांवर लांबी, हातात थापी.

“तुझी गाडी नाही बाहेर,” रेआल म्हणाला.

“मागे लावलीय. पुढे डांबर ओलं आहे, दिसलं नाही? का तिथेही दाभण घालून बघितलंस?”

“किती वेळ झाला तू इथे?”

“दाभणाचं टोक माझ्या बादलीशेजारी निघालं तेव्हापासून. म्हटलं बघू तरी, हा बाबा कुठवर जातो. बारा वर्षांनी भेटायला आलास तो भिंत फोडून.”

“तू रोज संध्याकाळी इथे काय करतोस?” रेआलनं अजूनही पोलिसी आवाज सोडला नव्हता. हातात करवत धरलेल्या माणसाला तो शोभत नव्हता.

लेओपॉलनं थापी दाखवली. “दुसरा हात देतोय. आधी तुझ्या बाजूनं दिला, आता माझ्या. ठेकेदार एकाचेच पैसे देतो, म्हणून माझ्या वेळात देतो. इकडे मी झोपणार, तिकडे तुझी पोरगी झोपणार आणि तिची पोरं. तुला काय वाटलं?”

रेआलनं काय वाटलं ते सांगितलं नाही. तो भोकाकडे बघत होता. पायापासून छपरापर्यंत या अख्ख्या भिंतीत एकच भोक होतं आणि ते त्यानं पाडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उद्या सकाळी नऊला तपासणी. शनिवारी पोरगी रस्त्यावर.

“जाऊ दे,” लेओपॉल जरा मवाळ होऊन म्हणाला. “तोंड नको पाडूस. बादलीत लांबी आहे. कापलेले चौकोन परत बसवू, दोन्हीकडून पट्टी मारू, सकाळपर्यंत वाळेल. आर्सेनोबाई अर्ध्या शिडीवरून दिवा मारतात आणि उतरतात. वर कोण बघतंय?”

शब्द तोंडातून सुटले आणि दोघंही थिजले. लेओपॉलनं थापी खाली ठेवली. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली.

“मला तसं म्हणायचं नव्हतं,” लेओपॉल म्हणाला.

“माहीत आहे,” रेआल म्हणाला. आणि नवल म्हणजे त्याला खरंच माहीत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला समोरच्याच्या बोलण्यात खोट सापडली नाही. त्यानं खिशातून फोन काढला.

“कुणाला लावतोस?”

“पोरीला.”

“तुला घरात घेणार नाही ती.”

“नाही घेणार,” रेआल म्हणाला आणि त्यानं फोन लावला.

जानिक वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळ-पांघोळ बघते. कामाची पाळी संपवून, पांढऱ्या कपड्यांवर जाकीट चढवून ती वीस मिनिटांत आली आणि शिडीवरून वर डोकं काढलं. भोक बघितलं. भोकातून दिसणारा लेओपॉल बघितला. मग बापाकडे बघितलं.

“शब्द दिला होतास.”

“हो.”

“देऊन कुणाला फसवलंस? मला? पोरांनी बोचकी बांधलीत, पापा. धाकटीनं तर दाराला लावायला आपल्या नावाची पाटी रंगवलीय.”

“सकाळी आर्सेनोबाई यायच्या आत मी उभा राहून सांगेन. भिंत रीतसर दुरुस्त करायची म्हणजे दोन्हीकडून उभ्या लाकडांपर्यंत कापायचं, अखंड नवे बोर्ड, स्क्रू, पट्टी, मलम. बंद करण्याआधी त्यांनी बघायला हवं. शुक्रवारी परत येतील, मी हातापाया पडेन. शनिवार चुकणार नाही.”

“आणि त्या शुक्रवारी आल्याच नाहीत तर?”

जानिकनं नाक पुसलं, त्याच्या डोक्याचा दिवा काढून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, “काप.”

त्यानं डावीकडून कापलं, लेओपॉलनं उजवीकडून. बोर्डाचा मोठा पट्टा निघाला आणि उभी लाकडं उघडी पडली. जानिकनं दिवा जवळ नेला. लाकडावर सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ‘लेओपॉल फिदेलचा’, खाली ऑक्टोबरची तारीख, आणि तारखेखाली एक शब्द: ‘ओझितसाठी’.

रेआलनं तो शब्द वाचला आणि त्यावर अंगठा फिरवला. ओझित तीन वर्षांपूर्वी गेली. त्याला वाटायचं की ती बोटं एकट्या त्याच्याच मानेवर आहेत.

“प्रत्येक आगभिंतीत लिहितोस?” त्यानं विचारलं.

“तेव्हापासून प्रत्येक,” पलीकडून लेओपॉल म्हणाला. “तू लिहीत नाहीस?”

“मी टोचतो,” रेआल म्हणाला.

“ओझित कोण?” जानिकनं विचारलं. मग तिचं तिलाच उमगलं. “आपली ओझित? देवळातली? आमच्याकडे होती ती, शेवटची पाच वर्षं.”

आता मागे जायला वाट नव्हती. रेआलनं सांगितलं. मुकादम, गाडीतले बोर्ड, छताशी थांबलेली भिंत, कानावरच्या पेन्सिली, बंब येईस्तोवर बर्फात गेलेला वेळ, सगळं. अडखळत, उलटसुलट सांगितलं. अधूनमधून लेओपॉल पलीकडून एखादा शब्द घालत होता, म्हणजे रेआल एकटा पडू नये इतकंच. सांगून होईस्तोवर जानिक दिव्याची कळ चाचपत होती.

“मी धुतलेत ते पाय,” ती म्हणाली. “पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा. डाव्या पायाला मधे बोटं नव्हती, तिथे नीट पुसावं लागायचं, नाहीतर चिघळायचं. मी विचारलं होतं तिला, कसं झालं म्हणून. ती म्हणाली, आग वरून आली, पोरी. देवाची मर्जी.” तिनं दिवा खाली केला. “देवाची मर्जी म्हणायची ती, पापा.”

रेआल रडला. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. जानिकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती शिडीवरून उतरता उतरता एवढंच म्हणाली, “आईला आज सांग. माझ्याकडून कळायला नको तिला.”

त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. ओदेत त्यावर काय बोलली ते ओदेत आणि तो, दोघंच जाणोत. रात्रीचं जेवण कुणी वाढलं नाही एवढं खरं.

गुरुवारी सकाळी आर्सेनोबाई आल्या तेव्हा रेआल दारातच टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं सांगितलं, भोक मी पाडलं, भिंत करणाऱ्याचा काही दोष नाही. बाईंना वाटलं, मस्करी चाललीय.

“सव्वीस वर्षं झाली मला या नोकरीत,” त्या म्हणाल्या, “तपासणीआधी भोक लपवणारे शंभर बघितले. दाखवणारा पहिलाच. संशय येतो बरं का अशा माणसाचा.” आणि गुडघे धरत धरत त्या दोन्ही माळ्यांवर चढल्या, दोन्हीकडे शेवटपर्यंत रांगल्या आणि अवघ्या भिंतीवर दिवा फिरवला. मग म्हणाल्या की नवे बोर्ड आणून ठेवा, उरलेलं बघायला शुक्रवारी दुपारी येते.

शुक्रवारी बाईंनी उघडी चौकट बघितली, बोर्डावरचा छाप वाचला आणि बंद करायला परवानगी दिली. रेआल स्क्रू लावणार तोच जानिक वर आली.

“नाव लिहिलंस?”

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि लेओपॉलच्या नावाखाली लिहिलं, ‘रेआल झोएलचा’, तारीख.

“भोक कुणी पाडलं तेही लिही.”

त्यानं तेही लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग भिंत बंद झाली, दोन्हीकडून एकदम, दोघांचे स्क्रू एकाच तालात. पट्टी, लांबी, मलम. बाई सही करून गेल्या.

“आता दाभण दे,” जानिक म्हणाली.

त्यानं दिला. तिनं नव्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात टोचला, नख लावलं, काढला, दिव्याखाली धरून खाच बघितली. “पाच,” ती म्हणाली. बोटावर लाल मलम घेऊन ते भोक बुजवलं आणि दाभण आपल्या जाकिटाच्या खिशात टाकला. परत मागायची रेआलची हिंमत झाली नाही.

शनिवारी सामान हललं. बर्फ भुरभुरत होतं. रेआलनं खोकी वाहिली, पण उंबऱ्यापर्यंतच. तिथून ओदेत आणि पोरं आत नेत होती. धाकटीनं पाटी लावली. संध्याकाळी आतून कोंबडीच्या फ्रिकोचा, म्हणजे बटाटे घातलेल्या रश्श्याचा, वास यायला लागला आणि सगळे आत गेले. रेआल पायरीखाली उभा राहिला. जानिक दारात आली.

“पायात बूट आहेत ना?” तिनं विचारलं.

“आहेत.”

“मोजे?”

“आहेत, लोकरीचे.”

“मग थांब जरा बाहेर,” ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

रेआल थांबला. हात खिशात घातले नाहीत. थोड्या वेळानं शेजारचं दार उघडलं आणि लेओपॉल बाहेर आला. पायऱ्या उतरला, रेआलच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि टोपी कानांवर ओढून घेतली. दोघं म्हातारे दोन दारांच्या मधे, त्या आगभिंतीच्या रेषेत उभे होते. बर्फ बुटांच्या नाकांवर साचत होतं. त्या जानेवारीत बंब यायला किती वेळ लागला होता, ते दोघांनाही पाठ होतं.

तेवढा वेळ सरल्यावर जानिकनं दार उघडलं. तिचे डोळे लाल होते.

“या आत,” ती म्हणाली. “दोघंही. पाय पुसून.”